पिल्लू हातावर वाढवताना: ऊब आधी, घास नंतर

माझ्या पाहण्यात दगावलेली पिल्लं उपासमारीनं गेली नाहीत. कुणी गारठून गेलं, कुणाच्या श्वासनलिकेत घास गेला, कुणाच्या गळ्यातल्या पिशवीत सकाळचं खाणं आंबत पडलेलं असताना त्यावरच दुपारचं ओतलं गेलं. भरवायला नको होतं तेव्हा भरवलं, म्हणून गेली. सिरींज धरणं दोन दिवसांत जमतं. ती खाली कधी ठेवायची हे कळायला फार वेळ लागतो, आणि हा लेख बराचसा त्याबद्दलच आहे.

इथलं सगळं पाळीव पोपटवर्गीय पिल्लांसाठी आहे: कॉकाटील, बजी, लव्हबर्ड. आकडे मुख्यतः कॉकाटीलचे दिलेत, कारण पहिल्यांदा हँडफीडिंग, म्हणजे हातानं भरवणं, शिकायला तोच पक्षी सगळ्यांत सोशिक.

खरंच उचलायचं का?

आईबाप नीट भरवत असतील तर उचलू नका. त्यांच्या घशातून येणाऱ्या घासात पचनाला लागणारे जंतू असतात, घासाची ऊब अचूक असते, आणि तुम्ही झोपलेले असताना ते जागे असतात. पिल्लू माणसाळावं एवढाच हेतू असेल तर दुसरा मार्ग आहे. दोन आठवड्यांनंतर रोज दहा मिनिटं घरट्यातून काढून हातात धरायचं आणि परत ठेवायचं. आईबाप शांत स्वभावाचे असतील तर अशी पिल्लंही छान हातावर येतात.

उचलावं लागतं ते वेगळ्या कारणांनी. जोडीतला एक मेला आणि दुसऱ्याला झेपत नाही. आईबाप पिल्लांची पिसं उपटून रक्त काढतात. किंवा शेवटचं पिल्लू मागे पडतं. कॉकाटीलची अंडी एक दिवसाआड पडतात आणि पिल्लंही तशीच मागेपुढे निघतात, त्यामुळे पहिलं आठ दिवसांचं असतं तेव्हा पाचवं नुकतं कवचाबाहेर आलेलं असतं. थोरल्यांच्या गर्दीत त्या धाकट्याला घास मिळत नाही. अशा वेळी दुसऱ्या एखाद्या जोडीकडे त्याच वयाची पिल्लं असतील तर आधी तिथे सरकवून पाहा. बऱ्याच जोड्या परकं पिल्लू सहज सांभाळतात.

निवडायची मोकळीक असेल तर १५ ते २० दिवसांचं पिल्लू उचला. डोळे उघडलेले असतात, अंगावर पिसांच्या सुया आलेल्या असतात, आणि रात्री तुम्हाला झोप मिळते. एक दिवसाचं पिल्लू वाढवणं हे वेगळंच काम आहे. पहिल्यांदा करणाऱ्यानं ते शक्यतो अनुभवी माणसाच्या किंवा पक्ष्यांच्या डॉक्टरांच्या हाती द्यावं.

झाडाखाली सापडलेल्या रानपक्ष्याच्या पिल्लाबद्दल थोडक्यात. पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू हरवलेलं नसतं. ते उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळपास असतात. मांजराच्या वाटेवर असेल तर उचलून झुडपात ठेवा आणि लांब जा. अंगावर पिसंच नसतील तर घरटं शोधून परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हे खरं नाही. जखमी असेल तर वन्यजीव बचाव करणाऱ्यांना कळवा. रानपक्षी घरात पाळणं बहुतेक ठिकाणी कायद्यानं मना आहे. शिवाय भरवायची रीतही निराळी: चिमणीचं पिल्लू आ वासून वर बघतं, कबुतराचं पिल्लू आपली चोच आईच्या तोंडात घालून ओढून पितं. पोपटाच्या पिल्लाची सिरींज या दोघांनाही चालत नाही.

ब्रूडर: आईच्या पोटाखालची जागा

ब्रूडर म्हणजे पिल्लाला ऊब देणारा डबा. पिल्लू आणण्याच्या निदान एक दिवस आधी तो चालू करून ठेवा, आणि तापमान रात्रीतून किती हलतं ते बघा. उंच कडांचा प्लास्टिकचा डबा किंवा रिकामी काचेची माशांची टाकी पुरते. डबा असेल तर झाकणाला आणि वरच्या बाजूंना भोकं पाडा. खाली गरम करायचं पॅड, पण फक्त अर्ध्या तळाखाली. उरलेला अर्धा तळ थंड राहिला पाहिजे, म्हणजे गरम झालं की पिल्लाला सरकता येतं. पॅडला थर्मोस्टॅट हवाच. उजेडाचा बल्ब टाळा. घरट्याची ढोली अंधारी असते आणि पिल्लं त्या अंधारातच वाढतात. हवा खेळती ठेवून वरून पातळ कापड टाका.

तापमान असं ठेवा:

अंड्यातून निघाल्यापासून ४-५ दिवस: ३५ ते ३६.५ अंश सेल्सिअस
डोळे उघडेपर्यंत, साधारण दहाव्या दिवसापर्यंत: ३३ ते ३४
पिसांच्या सुया अंगभर असताना: २९ ते ३२
सुया फुटून पिसं दिसायला लागल्यावर: २५ ते २७
अंग पूर्ण झाकल्यावर: घरात २४ च्या आसपास असेल तर ब्रूडरची गरज नाही

एकटं पिल्लू असेल तर एखादा अंश जास्त धरा, कारण बिलगायला भावंडं नाहीत. हवा कोरडी पडू नये म्हणून एका कोपऱ्यात पाण्याची वाटी ठेवा, वर जाळी बांधून. दमटपणा ५० ते ६० टक्के असला की पिल्लाची कातडी सुकत नाही.

आकड्यापेक्षा पिल्लावर जास्त विश्वास ठेवा. एकदा मी थर्मामीटर झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला होता. तो ३२ दाखवत होता आणि मी निर्धास्त. पिल्लू मात्र पंख अंगापासून लांब धरून, चोच उघडी टाकून धापा टाकत होतं, अंग लालबुंद. तळाला हात लावला तेव्हा कळलं की मी झाकणाचं तापमान मोजत होते, पिल्लाचं नाही. त्या दिवसापासून थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर असतो. गारठलेलं पिल्लू उलट दिसतं: पाय हाताला थंड लागतात, कातडी फिकट पडते, हालचाल मंदावते. अगदी लहान पिल्लाला कुडकुडणंही जमत नाही, म्हणून ते गप्प पडलं की ‘शांत झोपलंय’ असं समजू नका. पायांना बोट लावून बघा.

तळाला जाड कापडाची घडी आणि त्यावर टिश्यूपेपर. टॉवेलचे फासे नखांत अडकतात, तो टाळा. लाकडाचा भुसा पिल्लू खातं, वाळूही खातं. वर्तमानपत्र गुळगुळीत असतं आणि त्यावर पाय दोन्ही बाजूंना घसरतात. आठवडाभर असे घसरत राहिले तर पाय फाकलेलेच वाढतात, आणि नंतर ते सरळ करणं फार अवघड. लहान पिल्लाला ब्रूडरच्या आत एका छोट्या वाटीत टिश्यू दाबून बसवलं की पाय आपोआप पोटाखाली राहतात.

वीज गेली तर? कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पिल्लाशेजारी ठेवायची, अंगाला चिकटवून नाही. ही बाटली आणि ते कापड मी ब्रूडरशेजारीच ठेवते. वीज गेल्यावर शोधाशोध नको.

खाणं

पोपटवर्गीय पिल्लांसाठी तयार मिळणारा हँडफीडिंग फॉर्म्युलाच वापरा. गाईचं दूध नको, कारण दुधातली साखर पक्ष्याला पचवता येत नाही. दुधात भिजवलेला पाव नको. माणसाच्या बाळांसाठी असलेलं सीरियल नको, त्यात पिल्लाच्या हाडांना आणि पिसांना पुरेल एवढं कॅल्शियम आणि प्रथिनं नसतात. फॉर्म्युला मिळेपर्यंत काही तास जाणार असतील तर पिल्लाला ऊब द्या आणि थेंबथेंब कोमट पाणी. तेवढा वेळ ते काढतं.

पावडर आणि पाण्याचं प्रमाण पाकिटावर वयाप्रमाणे दिलेलं असतं, तेच पाळा. पहिल्या दोन दिवसांत ते जवळजवळ पाणीच असतं. पिसं येईपर्यंत हळूहळू दाटसर होत जातं, पण कधीही लापशीइतकं घट्ट नाही. सिरींजमधून सहज ओघळलं पाहिजे. ‘जरा दाट केलं तर पोट जास्त वेळ भरलेलं राहील’ हा हिशेब मनात येतो, मलाही आला होता. घट्ट खाणं क्रॉपमधलं, म्हणजे गळ्यातल्या पिशवीतलं, पाणी शोषून गोळा बनतं आणि तिथेच बसतं.

उकळून थोडं निवलेलं पाणी घ्या, पावडर ढवळा, गुठळ्या मोडा, एक मिनिट थांबा कारण मिश्रण थोडं फुगतं, आणि मग थर्मामीटर घाला. ३९ ते ४१ अंश हवं. ३८ च्या खाली गेलं की पिल्लू तोंड फिरवतं आणि पचन मंदावतं. ४३ च्या वर गेलं तर क्रॉप आतून भाजतो. हे भाजणं त्या वेळी दिसत नाही. काही दिवसांनी गळ्याखालची कातडी लाल होते, खपली धरते, आणि खपली पडली की भोकातून खाणं बाहेर ओघळायला लागतं. मग शस्त्रक्रिया. म्हणून मायक्रोवेव्हमध्ये मिश्रण गरम करायचं नाही, त्यात कुठे कोमट तर कुठे कढत असे डाग राहतात. मनगटावर थेंब टाकून अंदाज घ्यायचा नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर पुरतो. भरवता भरवता निवू नये म्हणून कप गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवा आणि प्रत्येक सिरींजआधी एकदा ढवळा.

उरलेलं फेकून द्या. झाकून फ्रीजमध्ये ठेवून संध्याकाळी वापरलेलं खाणं म्हणजे जंतूंना दिलेली सवड.

भरवणं

गारठलेल्या पिल्लाला भरवायचं नाही. ही एक गोष्ट पाळली तरी अर्धं काम झालं. थंड अंगात पचन थांबलेलं असतं, आत गेलेलं खाणं तिथेच राहतं. आधी दोन्ही तळव्यांच्या ओंजळीत, मग ब्रूडरमध्ये, तासाभरात अंग कोमट होऊ द्या. नंतर कोमट पाण्याचे काही थेंब. कातडी सुरकुतलेली, लालसर आणि बोटाला चिकट लागत असेल तर पाणी कमी पडलंय. पिल्लू हुशारीनं मान वर करायला लागलं की पातळ फॉर्म्युला.

आता नेहमीची पाळी. हात धुवा. पिल्लू वजनकाट्यावरच्या वाटीत ठेवा, आकडा वहीत लिहा. मग क्रॉप बघा. ही मानेच्या तळाशी, छातीच्या वर असलेली पिशवी. लहान पिल्लाची कातडी इतकी पातळ असते की आतलं खाणं दिसतं. भरलेला क्रॉप फुगलेला, पिवळसर, बोटाला पाण्यानं भरलेल्या मऊ फुग्यासारखा लागतो. रिकामा झाला की कातडी सैल लोंबते. दिवसा तो जवळपास रिकामा झाला की पुढचा घास. चोवीस तासांतून एकदा मात्र पूर्ण रिकामा व्हायलाच हवा, बहुधा पहाटे.

टेबलावर टॉवेल पसरून पिल्लू तुमच्याकडे तोंड करून बसवा. एका हाताची बोटं डोक्यामागून दोन्ही गालांवर, अगदी हलकी, धरण्यापेक्षा आधार द्यायला. दुसऱ्या हातात सिरींज. तिचं टोक पिल्लाच्या डाव्या बाजूनं चोचीत आणि रोख त्याच्या उजव्या बाजूला, घशाच्या मागे. कारण अन्ननलिका मानेच्या उजव्या बाजूनं उतरते आणि श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशी मधोमध असतं. सरळ समोरून मारलेला घास थेट तिथे जातो. चोचीच्या कोपऱ्यांना बोटानं हलकेच दाबलं की भुकेलं पिल्लू मान खालीवर जोरजोरात हलवायला लागतं. ही हालचाल चालू असताना श्वासनलिका मिटलेली असते. घास सुरक्षित जायची हीच वेळ.

त्या तालात दट्ट्या दाबा. क्रॉप फुगताना डोळ्यांना दिसतो. मान हलायची थांबली की तुम्हीही थांबा. तोंडात खाणं साचलेलं दिसलं तर सिरींज काढा, गिळू द्या. एका वेळचं प्रमाण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा: ६० ग्रॅमच्या पिल्लाला ६ मिलिलिटर. क्रॉप भरलेला हवा, पण तडतडीत ताणलेला नको. पिल्लू अजून मागत असेल. मागू दे. पोपटाचं पिल्लू पोट भरल्यावरही काही वेळ ओरडतं आणि ते आवाज ऐकून शेवटची दोन मिलिलिटर घालायचा मोह होतो. ती दोनच मिलिलिटर घशात परत वर येतात.

मान हलत नसेल तर ढोसू नका. पिल्लू थंड असेल, पोट भरलेलं असेल किंवा आजारी असेल. नुकतंच घरट्यातून काढलेलं तीन आठवड्यांचं पिल्लू मात्र भीतीनं फुसफुसतं, डुलतं आणि सिरींजवर चोच मारतं. त्याला दोन-तीन पाळ्या लागतात. थेंब चोचीच्या कडेला लावत राहा, चव कळली की येतं. घशात नळी घालून भरवायची पद्धत आहे, पण ती कुणी समोर बसून शिकवल्याशिवाय हातात घेऊ नका.

पिल्लू खोकलं, नाकपुडीतून खाणं आलं, श्वासाबरोबर टिकटिक आवाज आला तर ताबडतोब थांबा. डोकं खाली झुकवून तोंडातलं बाहेर येऊ द्या, टिपून घ्या, ऊब द्या, डॉक्टरांना फोन करा. पुढच्या दोन दिवसांत श्वास घेताना शेपूट खालीवर हलायला लागली तर फुप्फुसात गेलंय असं समजा.

शेवटी कोमट ओल्या कापसानं चोच, हनुवटी आणि मानेखालचा भाग पुसा. वाळलेला फॉर्म्युला सिमेंटसारखा धरतो आणि सुकल्यावर काढायला गेलं की पिसं निघतात.

किती वेळा

पहिले ३-४ दिवस: दर २ तासांनी, रात्रीसुद्धा
५ ते १० दिवस: दर ३ तासांनी, रात्री एक-दोनदा
११ ते २० दिवस: दर ४ तासांनी, सकाळी ६ ते रात्री ११, मग सुट्टी
चौथा आठवडा: दिवसातून ४ वेळा
पाचवा आठवडा: ३ वेळा
सहावा आठवडा: २ वेळा, पुढे एकदा

बजीचा क्रॉप लहान, त्याला थोडं थोडं पण जास्त वेळा. घड्याळ हा नुसता अंदाज. घड्याळ ‘भरव’ म्हणालं आणि क्रॉप ‘थांब’ म्हणाला, तर क्रॉपचं ऐका.

रोज सकाळचं, रिकाम्या क्रॉपचं वजन हाच खरा अहवाल. अंड्यातून निघालेलं कॉकाटील ४ ते ६ ग्रॅमचं असतं आणि महिन्याभरात ८०-९० च्या घरात जातं. पहिले तीन आठवडे रोजचा आकडा कालच्यापेक्षा मोठा हवा. एक दिवस तिथेच अडकला तर ब्रूडर आणि मिश्रण तपासा. दुसऱ्या दिवशीही अडकला तर डॉक्टर. पिल्लं पक्ष्यासारखीच आजार लपवतात, काटा लपवत नाही.

क्रॉप रिकामा होत नाही तेव्हा

ही घबराटीची वेळ, आणि घाबरून माणूस जे करतो तेच नेमकं घातक असतं: जुन्या खाण्यावर नवं खाणं घालतो.

पाळी चुकवा. ब्रूडरचं तापमान पिल्लाच्या उंचीवर मोजा, बहुतेकदा गडबड तिथेच निघते. मागचं मिश्रण घट्ट होतं का, थंड होतं का, आठवा. मग थोडंसं कोमट पाणी द्या, ५० ग्रॅमच्या पिल्लाला एखादं मिलिलिटर, आणि बोटाच्या पेरानं क्रॉप बाजूनं अगदी हळू चोळा. आत पिठाचा गोळा लागत असेल तर तो असा सुटतो. दीड-दोन तास थांबा. सुटला तर पुढची पाळी निम्मी आणि पातळ.

हललाच नाही, चोचीजवळ आंबट वास आला, क्रॉप हवेनं फुगला, तोंडात पांढरट चट्टे दिसले, किंवा पिल्लू मलूल झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर. उद्या सकाळी म्हणू नका. हे बुरशीचं किंवा जंतूंचं दुखणं असू शकतं आणि त्याला नेमकं औषध लागतं. पिल्लाला उलटं धरून क्रॉप पिळणं, खायचा सोडा, व्हिनेगर, माणसांच्या प्रतिजैविकांचा चूर हे सगळे उपाय मी ऐकलेत. उलटं धरलेल्या पिल्लाच्या श्वासनलिकेत सगळं जातं. तुमच्या भागात पक्षी बघणारे डॉक्टर कोण, हे पिल्लू आणायच्या आधी शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघत नाहीत.

घरातले धोके

पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेनं वाहते आणि हवेच्या पिशव्या अंगभर असतात. उडायला ऑक्सिजन भरपूर लागतो म्हणून ही सोय. पण त्यामुळे हवेतलं विषही तितक्याच चटकन रक्तात उतरतं. नॉनस्टिक तवा रिकामा गॅसवर राहून तापला की त्याच्या लेपातून निघणारा वायू माणसाला जाणवतही नाही आणि पक्षी काही मिनिटांत मरतो. काही इस्त्र्यांना आणि हीटरनाही तोच लेप असतो. पिल्लं घरात असेपर्यंत नॉनस्टिक भांडी बाजूला ठेवा. ब्रूडर स्वयंपाकघरात नको. धूप, अगरबत्ती, डासांची कॉइल, परफ्यूम, सिगारेट, ताजा रंग या सगळ्यांपासून लांब, दार बंद असलेल्या खोलीत ठेवा.

मांजराच्या दातांतले जंतू पक्ष्याला एका ओरखड्यातूनही मारतात. मांजरानं तोंडात धरलेलं पिल्लू वरून धडधाकट दिसलं तरी डॉक्टरकडे न्यायचं. पिल्लू उडायला लागलं की यादी वाढते: चालू पंखा, पाण्यानं भरलेली बादली, उघडं कमोड, स्वच्छ काच, आरसा, दाराची फट. खाण्यात अॅव्होकाडो, चॉकलेट, कांदा, चहा-कॉफी आणि खारट पदार्थ अजिबात नाहीत.

तुमच्यासाठीही दोन गोष्टी. प्रत्येक पिल्लाची सिरींज वेगळी, वापरल्यावर लगेच धुवून निर्जंतुक करून पूर्ण वाळवलेली. तोंडात घास घेऊन चोचीत देणं बंद. पोपटांकडून माणसाला सिटॅकोसिस हा फुप्फुसांचा जंतूंमुळे होणारा आजार होऊ शकतो. ताप, कोरडा खोकला, डोकेदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना ‘घरात पक्षी आहेत’ हे आपणहून सांगा. ते सहसा विचारत नाहीत.

घास सोडवताना

चौथ्या आठवड्यात पिल्लू पंख फडफडवत टेबलावर पळायला लागतं आणि सिरींजकडे दुर्लक्ष करतं. वजन जरा उतरतं. सर्वाधिक वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत घट ही उडायची तयारी असते, जड अंगानं उडता येत नाही. त्याहून जास्त उतरलं तर लक्ष द्या. पंख कापायचे असतील तरी आधी उडू द्या, वळू द्या, नीट उतरायला शिकू द्या. न उडता पंख छाटलेला पक्षी आयुष्यभर धडपडतो.

आता ब्रूडर सोडून कमी उंचीचा, रुंद पिंजरा. दांड्या जमिनीपासून चार बोटांवर. तळाशी राळ्याचं कणीस, बारीक पेलेट (पक्ष्यांच्या तयार खाण्याच्या गोळ्या), मऊ शिजवलेलं धान्य, हिरवा पाला आणि बशीत उथळ पाणी. पहिले आठ दिवस सगळं उधळलं जातं, खाल्लं जात नाही. काळजी नको. चोचीनं चिवडणं हीच शिकवणी. सकाळची पाळी तासभर उशिरा द्या, त्या तासात भूक त्याला कणसाकडे नेते. मऊ आणि ओलं खाणं दोन-तीन तासांत उचला, ते चटकन आंबतं.

आधी दुपारची सिरींज सुटते, मग सकाळची. रात्रीची शेवटी. कॉकाटील ७ ते १० आठवड्यांत सुटतं, बजी त्याआधी. कुणी उपाशी ठेवून चार दिवसांत सोडवतो. अशी पिल्लं नंतर कित्येक दिवस माणूस दिसला की मान हलवत रडत राहतात. मी वाट बघते.

मग एका रात्री सिरींज चोचीला लावली की पिल्लू जीभ लावून बघतं, मान झटकतं आणि थेंब तुमच्या बाहीवर उडतो. तरी पुढचे दहा दिवस सकाळचं वजन चालू ठेवा आणि झोपायच्या आधी क्रॉप चाचपा. दाण्यांनी भरलेला क्रॉप आता कापडी पिशवीतल्या धान्यासारखा खरखरीत लागतो. मऊ आणि रिकामा लागला तर त्या रात्री सिरींज पुन्हा द्या. पिंजऱ्याची जागा बदलली, दुसऱ्या घरी गेलं, साधं घाबरलं तरी सुटलेलं पिल्लू परत मागतं. फॉर्म्युल्याचं पाकीट महिनाभर फेकू नका.